परवाना आंतरराष्ट्रीय, पण सगळ्या जगाचा नाही

हनोईत उतरायचं, ११० सीसीची स्कूटर भाड्याने घ्यायची आणि थेट हा जियांगचे घाट गाठायचे, असे बेत हल्ली भारतीय तरुण हौसेने आखतात. खिशात आरटीओने दिलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असलं की काळजी मिटली, असंही त्यांना वाटतं. व्हिएतनामच्या कायद्यापुढे मात्र त्या पुस्तिकेला काही किंमत नाही.

कारण ही पुस्तिका जगभर एकच नसते. भारत देतो ती १९४९ च्या जिनिव्हा कराराखालची. व्हिएतनाम सामील झाला आहे तो १९६८ च्या व्हिएन्ना करारात. जपानमध्ये नेमकं उलट. तिथे १९४९ चीच पुस्तिका लागते, त्यामुळे भारतीयाचं काम होतं आणि १९६८ ची पुस्तिका घेऊन आलेला जर्मन पाहुणा अडतो. त्याला मूळ लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. चीनच्या मुख्य भूमीवर दोन्ही निरुपयोगी, तिथलं तात्पुरतं लायसन्सच काढायला हवं. ब्रिटनमध्ये या पुस्तिकेची गरजच नाही. भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिने गाडी चालवता येते.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: परमिट घेतलं की मूळ लायसन्स घरी ठेवलं तरी चालतं. ही पुस्तिका म्हणजे स्वतंत्र लायसन्स नव्हे. मूळ लायसन्सवरचा मजकूर परक्या पोलिसाला कळावा, एवढ्यासाठी ती असते. त्यामुळे मूळ लायसन्स सोबत नसेल, तर तिचा उपयोग शून्य.

वाहनाच्या प्रकाराकडे तर कोणी बघतच नाही. लायसन्स फक्त चारचाकीचं असेल, तर परमिटवरही दुचाकीची नोंद होत नाही. तरीही बालीत किंवा फुकेतला भाड्याची स्कूटर सहज हातात पडते. दुकानदाराने कागद विचारले नाहीत म्हणजे कायद्याने परवानगी दिली, असं नव्हे! अपघात झाल्यावर प्रवास विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते, आणि वैध परवान्याशिवाय वाहन चालवल्याचं दिसलं की दावा नाकारू शकते. परदेशी रुग्णालयाच्या बिलापुढे पोलिसाचा दंड किरकोळच.

काही संकेतस्थळं पाच-दहा वर्षांचं ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ घरपोच देतो म्हणतात. ती शुद्ध फसवणूक. अशा विक्रेत्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना सावध केलं आहे. भारतीय परमिटची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच.

खरं परमिट मिळतं ते आरटीओतच: नमुना ४-अ मधला अर्ज, सोबत लायसन्स आणि पासपोर्ट, शुल्क १,००० रुपये. व्हिसा हातात हवाच, ही अट २०२१ मध्ये निघाली. काही देशांचा व्हिसा पोहोचल्यावरच मिळतो, तिथल्या प्रवाशांची त्यामुळे सोय झाली. परदेशात असताना परमिटची मुदत संपली, तर भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. पहिलं परमिट मात्र निघण्यापूर्वीच काढावं, आणि जायचं त्या देशात १९४९ ची पुस्तिका चालते का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडून तपासून घ्यावं.