भोपळ्याच्या वेलावरची दोन फुले

लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. पिवळ्या पाकळ्या दोघांच्याही सारख्याच. फरक कळतो तो खालच्या बाजूला. नर फूल लांब, बारीक देठावर येते, तर मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो. तोच त्याचा अंडाशय. त्यात बीजांडे असतात.

नर फुलातील पुंकेसरांच्या परागकोशांत परागकण तयार होतात. ते मोठे व चिकट असल्याने वाऱ्यावर उडत नाहीत. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात; तेवढ्या वेळात मकरंदासाठी आलेल्या मधमाश्या हे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर पोहोचवतात. हेच परागण.

कुक्षीवर परागकण रुजतो. त्यातून निघालेली परागनलिका कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडात दोन पुंयुग्मके सोडते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन युग्मनज बनतो व त्याचा पुढे भ्रूण होतो. दुसऱ्यापासून भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. मग पाकळ्या सुकतात, बीजांडांच्या बिया होतात आणि अंडाशयाचा भोपळा. पराग पुरेसे न मिळाल्यास मात्र तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो.