दगड गौडचे, चर्च कोलकात्याचं
वास्तू आणि वस्ती : भाग 7

गेल्या आठवड्यात आपण युरोपातल्या खेड्यांमधली रोमनेस्क चर्चं पाहिली. जाडजूड भिंती, अर्धगोल कमानी आणि बहुधा शेजारच्याच खाणीतला दगड. जवळपास जुनी रोमन पडझड असली, तर गवंडी तीही सोडत नसत. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स मठाचा मनोरा 11व्या शतकात उभा राहिला तो ओसाड रोमन नगरीच्या विटांवर. असाच व्यवहार आपल्याकडे झाला कोलकात्यात, राजभवनाजवळच्या सेंट जॉन्स चर्चसाठी.

शैली मात्र इथे रोमनेस्क नाही. लंडनमधलं जेम्स गिब्जचं सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स डोळ्यांपुढे ठेवून बंगाल इंजिनीअर्सच्या लेफ्टनंट जेम्स अॅग याने हे चर्च बांधलं. उंच खांब, त्यामागे सभागृह आणि वर 174 फुटी शिखर. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या 1756च्या स्वारीत इंग्रजांचं जुनं चर्च जमीनदोस्त झालं होतं. नव्यासाठी जागा दिली शोभाबाजारच्या महाराजा नवकृष्ण देव यांनी. पैशासाठी सोडत काढली गेली. 1784 साली पाया घातला आणि 24 जून 1787 रोजी चर्च खुलं झालं.

खरी अडचण होती दगडाची. सह्याद्रीत हात घालू तिथे काळा पाषाण लागतो. गंगेच्या गाळावर वसलेल्या दक्षिण बंगालला ते सुख नाही. म्हणून तर विष्णुपूरची कित्येक देवळं विटांची आणि त्यांवरचं कोरीवकाम भाजलेल्या मातीचं. चर्चसाठीचा दगड आला मालदाजवळच्या गौडहून. बंगालच्या सुलतानांची ही राजधानी 16व्या शतकात रोगराईने ओस पडली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मालदातला अधिकारी चार्ल्स ग्रँट याने तिथले दगड नदीमार्गे कोलकात्याला धाडले. शिखराला दगड लागला, निळसर फरशीही तिथलीच. लोक या चर्चला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणू लागले. गंमत अशी, की गौडच्या सुलतानी इमारतींतही त्याआधीच्या पाल-सेन काळातले दगड होते. म्हणजे काही दगडांची ही तिसरी नोकरी असू शकेल.

आवारात कंपनीच्या जॉब चार्नॉक या अधिकाऱ्याची अष्टकोनी कबर आहे. तिच्यावरचा शिलालेख मद्रासजवळच्या पल्लावरमच्या दगडावर कोरलेला. पुढे भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंडने त्या जातीच्या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिलं.

आत योहान झोफनीने काढलेलं ‘अखेरचं भोजन’ आहे. येशूच्या शिष्यांचे चेहरे तेव्हाच्या कोलकात्यातल्या गोऱ्या मंडळींवरून घेतलेले. शिवाय भिंतीला शिपायाची तलवार टांगलेली, मेजाजवळ पिकदाणीच्या घाटाचं भांडं आणि बाजूला भिस्त्याची पखाल! येरुशलेमला हुगळीकाठी आणून बसवलंय.

1847 साली सेंट पॉल्स कॅथीड्रल उभं राहीपर्यंत शहराचं मुख्य अँग्लिकन चर्च हेच होतं. आजही ते उत्तम राखलं आहे आणि तिथे प्रार्थना होतात. पण ‘उत्तम जतन’ म्हणताना एक हिशेब विसरू नये : इथे जे राखलं गेलं, त्यातलं काही गौडमधून उपसलेलं आहे. कोलकात्याला गेलात तर शिखराआधी पायाखालची फरशी पाहा. आणि जमलं तर मालदाची गाडी पकडून गौडही पाहून या.

(पुढील भागात : कोलकात्याचं 1724 मधलं आर्मेनियन चर्च)