मनगट उचललं की मूठ मिटते

कोपर टेबलावर टेकवा आणि हात मनगटापासून सैल सोडा. बोटं आपोआप थोडी उलगडतात. आता बोटांचा विचार न करता फक्त मनगट मागे उचला. बोटं आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. बोटांना कुणी काही सांगितलेलं नसतं. मनगट वर गेलं की त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात, एवढंच. मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या, पण सहाव्या नसेपर्यंतचं बळ शाबूत राहिलेल्या माणसाचा निम्मा दिवस या एका युक्तीवर निघतो. कागद उचलणं, चमचा अडकवून धरणं तिच्यावर जमतं. भरलेला पेला मात्र या चिमटीतून सटकतो आणि भाकरीचा घास मोडत नाही.

तिथून पुढे करंटचं काम सुरू होतं. फिजिओथेरपीच्या खोलीत या उपचाराला सगळे करंटच म्हणतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो समजावून सांगायला पुस्तकाची गरज नाही, वावरातली मोटार पुरेशी आहे. सबस्टेशनपासून डीपीपर्यंतची लाइन तुटली तर मोटार बंद पडते, पण मोटार जळालेली नसते आणि डीपीपासून विहिरीपर्यंतची केबलही धड असते. मानेतली इजा बहुतेकदा अशीच असते. मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. मज्जारज्जूतून निघून हाताकडे जाणारी नस आणि तिच्या टोकाचा स्नायू जिवंत असतात. त्या नसेला बाहेरून विजेचे हलके ठोके दिले, सेकंदाला २० ते ५०, तर स्नायू आखडतो आणि बोट हलतं. जिथे रज्जूच चिरडला आणि केबलची मुळंही गेली, तिथल्या स्नायूला हा करंट हलवू शकत नाही. म्हणून पहिली तपासणी हीच: कोणती केबल जिवंत आहे?

ही तपासणी जवळून पाहण्यासारखी असते. थेरपिस्ट एक पट्टी मनगटाजवळ चिकटवतो, दुसरी कोपराखाली ठेवतो, करंट हळूहळू वाढवतो आणि ती पट्टी बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत राहतो. मधलं बोट हलतं, नको असलेलं मनगट वळतं, काहीच होत नाही, आणि एका जागी पंजा अचानक उघडतो. नस स्नायूत शिरते ती ही जागा. महिनोन्महिने गप्प पडलेला आपलाच हात उघडताना पाहून माणसाचा चेहरा बदलतो. पण मूठ फार वेळ टिकत नाही. शरीर स्वतः हात हलवतं तेव्हा सहजासहजी न थकणारे बारीक तंतू आधी कामाला लावतं; बाहेरचा करंट आधी जाड, लवकर दमणाऱ्या तंतूंना जागं करतो. थोड्या वेळातच बोटं ढिली पडतात. रोजच्या सरावाने ही दमछाक कमी होते, तीही सावकाश.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी करंटचं हे यंत्र त्वचेखाली नेलं. छातीजवळ बसवलेला डबा, हाताच्या स्नायूंपर्यंत गेलेल्या आठ तारा आणि हुकूम देणारा दुसऱ्या बाजूचा खांदा. खांदा हलवला की मूठ मिटते. पकडी दोन: पेल्यासाठी सगळ्या पंजाची, किल्ली-चमच्यासाठी अंगठ्याची. १९९७ मध्ये त्याला तिकडच्या सरकारची मान्यता मिळाली, दोनशेहून अधिक लोकांच्या अंगात ते बसलं, आणि काही वर्षांतच कंपनीने ते विकणं थांबवलं. यंत्र चालत होतं. गिऱ्हाईक थोडं होतं. ही गोष्ट मला फार लागते. अंगात शिरलेल्या यंत्रामागे उद्या कोण उभं राहणार, हे आधीच विचारायला हवं.

अलीकडचा रस्ता वेगळा आहे. मानेवर, त्वचेवरच पट्ट्या लावून खुद्द मज्जारज्जूला उत्तेजना द्यायची आणि त्याच वेळी हाताचा कसून व्यायाम करून घ्यायचा. रज्जूत उरलेल्या मोजक्या वाटांना त्याने बळ मिळतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० जणांपैकी ७२ टक्क्यांच्या हाताची ताकद आणि कामं दोन्ही सुधारली. त्यांतल्या काहींची इजा ३४ वर्षांपर्यंत जुनी होती. ‘आता वर्ष झालं, काही व्हायचं नाही’ असं घरच्यांना सांगण्याआधी हा आकडा आठवावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत या उपचाराच्या यंत्राला परवानगी मिळाली.

आपल्याकडे मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, खडकीचं पक्षाघातग्रस्त जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. दोन्ही हिंगोलीपासून लांब, हात-पाय न हलणाऱ्या माणसासाठी तर फारच लांब. २०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामुळे मी आशेने लिहितो आहे. करंटचं साधं मशीन काही हजारांत येतं. महाग आहे ते रोजचं माणूस आणि रोजचा तास. मुंबईला वर्षातून एकदा जाऊन हात सुधारत नाही. आणि हात सुधारायलाच हवा: हात-पाय दोन्ही गेलेल्या लोकांना २००४ च्या एका पाहणीत आधी काय परत हवं असं विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी चालण्याऐवजी हात मागितला.

खेड्यात मणका मोडतो तो बहुधा पडून: चिंचेवरून, विहिरीत, हळदीच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉलीवरून. धावून आलेले लोक मायेपोटी त्याला बखोटीला धरून उचलतात, जीपमध्ये अर्धवट बसवतात, आणि वाचलेल्या वाटाही तिथेच तुटतात. मान न हलू देता फळीवर किंवा काढलेल्या दारावर सपाट निजवून न्यावं, हे प्रत्येक गावाला माहीत असायला हवं.

घरी करंट द्यायचा तर दोन गोष्टी पाळायच्या. हाताला स्पर्श कळत नाही, म्हणून पट्टी काढल्यावर कातडी डोळ्यांनी तपासायची, लाल चट्टा भाजल्याचा असू शकतो. आणि रुग्णाचं डोकं एकाएकी ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला तर मशीन तत्काळ बंद करून त्याला बसतं करायचं, लघवी तुंबली आहे का पाहायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. अशा इजेत रक्तदाब झपाट्याने चढू शकतो.

बाकीचं थेरपिस्ट पेनाने लिहून देतो, कागदावर नव्हे, हातावर. पंजा उघडला त्या जागी निळी फुली. आई ती अंघोळीनंतर पुन्हा गिरवते, म्हणजे उद्या सकाळी पट्टी तिथेच बसेल.