प्रभागांची रेघ कोणी ओढावयाची?

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासह राज्यातील एकोणतीस महानगरपालिकांच्या निवडणुका १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडल्या. गुलाल उधळून झाला, फलक उतरले, नवे नगरसेवक सभागृहात जाऊन बसले. अशा वेळी प्रभागरचनेचा विषय काढणे म्हणजे वऱ्हाड परत गेल्यावर मांडवाचे खांब मोजण्यासारखे आहे, असे काही वाचकांस वाटेल. आमचे मत नेमके उलट आहे. निवडणूक तोंडावर आली म्हणजे प्रभागाच्या हद्दीकडे शांतपणे पाहणारा माणूस शहरात शिल्लक राहत नाही. ज्याला उभे राहावयाचे असते तो आपली हक्काची वस्ती कोणीकडे गेली एवढेच पाहतो. ज्याला उभे राहावयाचे नसते तो मुळी पाहतच नाही. हद्दींचा विचार करावयाचा तो निवडणूक दूर असतानाच केला पाहिजे.

या वेळी तर त्याला निकडीचे कारण आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता घ्यावयाची ठरली असून तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे. ते आकडे हाती आले म्हणजे राज्यातील प्रत्येक शहराचे प्रभाग मुळापासून आखावे लागतील. डागडुजीने भागणार नाही. २०२५ साली जी रचना झाली ती २०११ च्या शिरगणतीवर झाली. पुण्यात समाविष्ट गावे धरून सुमारे ३४ लाख ८१ हजार लोकसंख्या मानण्यात आली आणि तिच्यावर १६५ सदस्यांचे ४१ प्रभाग बेतण्यात आले. प्रत्यक्ष निवडणुकीच्या वेळी शहराच्या यादीत नुसते मतदारच साडेपस्तीस लाखांच्या घरात होते! ज्या शहराचे तुकडे पाडले, त्या शहरात तान्ह्या मुलांसकट कागदोपत्री जेवढी माणसे होती, त्यांहून अधिक संख्या केवळ अठरा वर्षांवरील नागरिकांची निघाली. अशा हिशेबाला हिशेब म्हणणे कठीण आहे. जुन्या पेठांची वस्ती फारशी हलली नसेल. पण बाणेर-बालेवाडी, खराडी, आंबेगाव या बाजूंना या काळात इमारतींची रानेच्या राने उभी राहिली. प्रभागाप्रभागांतील लोकसंख्येची समानता ही त्यामुळे कागदावरचीच समानता ठरली.

प्रभाग आखण्याचे नियम वाचले तर ते शहाणपणाचे वाटतात, आणि बहुतांशी ते तसे आहेतही. आरंभ उत्तरेकडून करावा, तेथून ईशान्येकडे व पूर्वेकडे वळत वळत शेवट दक्षिणेस करावा. लोकसंख्या सरासरीहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी-जास्त होऊ देऊ नये. जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडू नये. रस्ता, नदी, नाला, लोहमार्ग, उड्डाणपूल अशा ठळक खुणांवरून हद्द न्यावी, आणि मागासवर्गीयांच्या वस्त्या दुभंगू नयेत. हे सर्व पाळूनही एकच शहर शंभर प्रकारांनी कापता येते, ही यातील खरी गोम आहे. कातरी एका गल्लीने अलीकडे वळविली की एक पक्ष येतो, पलीकडे वळविली की दुसरा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या सहीने १८१२ साली जे मतदारसंघ पाडण्यात आले, त्यांपैकी एकाचा आकार सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याशी जुळला, आणि त्यावरून अशा कारागिरीला इंग्रजीत कायमचा शब्द मिळाला. स्वतः गेरी त्या वर्षी पराभूत झाला. राज्याची सिनेट मात्र त्याच्याच पक्षाकडे राहिली. कारागिरी किती कामाची असते हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे सरड्याचा आकार काढण्याची गरजही पडलेली नाही, कारण आपल्या राज्यकर्त्यांना रेघेपेक्षा सोपे एक साधन सापडले आहे. प्रभागात सदस्य किती असावेत, हेच ते दर खेपेस बदलतात. पुणेकराने २००२ मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागात मतदान केले, २००७ मध्ये एका सदस्याच्या, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार सदस्यांच्या. २०२२ साली पुन्हा तिघांचे प्रभाग आखण्यात आले. ५८ प्रभागांचा तो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यावर हरकती आल्या, आणि तो बासनात गेला. २०२५ मध्ये पुन्हा चौघांकडे आलो. मुंबईत एका प्रभागास एक सदस्य ही रीत टिकून राहिली हे त्या नगरीचे भाग्य. परंतु तेथेही नोव्हेंबर २०२१ मध्ये २२७ चे २३६ प्रभाग करण्याचा निर्णय झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकार पालटल्याबरोबर, २३६ चे पुन्हा २२७ झाले. या काळात राज्यावर निरनिराळ्या पक्षांनी व युतींनी सत्ता गाजविली. एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी या एका बाबतीत सख्ख्या भावंडांसारखी वागली.

चौघांच्या प्रभागात सरासरीने चौऱ्यांशी हजारांवर माणसे येतात. मतदाराने चार मते द्यावयाची. आणि नळाला पाणी आले नाही म्हणजे चौघांपैकी कोणाच्या दाराशी उभे राहावयाचे, हे शेजाऱ्याला विचारावयाचे. नगरसेवक हा लोकशाहीचा सर्वांत खालचा आणि म्हणून सर्वांत जवळचा प्रतिनिधी. तो चौघांत वाटला गेला की कोणाचाच राहत नाही.

मग हे अधिकार आहेत तरी कोणाचे? १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या निवडणुका स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविल्या. महाराष्ट्रात प्रभाग आखण्याचे कामही आयोगच पाहत असे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून ते काम राज्य सरकारकडे घेतले. एरवी कामकाज बंद पाडण्यात धन्यता मानणारे सर्व पक्ष त्या दिवशी एकमताने उभे राहिले, याची नोंद वाचकांनी करून ठेवावी. आता महानगरपालिकेचा आयुक्त प्रारूप तयार करतो, ते नगरविकास विभागाकडे जाते, आणि तेथून आयोगाच्या मान्यतेस येते. आयुक्ताची नेमणूक व बदली राज्य सरकारच्या हाती असते, एवढे सांगितले म्हणजे अधिक विवरणाची आवश्यकता राहत नाही.

या घोळाची किंमत कोणी मोजली? मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद हे विलंबाचे मुख्य कारण खरे, परंतु प्रभागांच्या संख्येचा आणि रचनेचा खेळखंडोबाही त्यात होता. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले तेव्हा कोठे चक्र हलले. तोवर आणि त्यानंतरही निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांनी केला. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचे पाणी सुटून सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांतून शिरले, त्या दिवशी सबंध पुणे शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक अधिकारावर नव्हता.

नागरिकांना काहीच विचारले जात नाही असे नाही. प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. २०२५ साली प्रारूप २२ ऑगस्टला प्रसिद्ध झाले आणि हरकतींची मुदत ४ सप्टेंबरला संपली. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती! महाराष्ट्रातील नागरिक ज्या पंधरवड्यात घरोघर पाहुण्यांत आणि आरत्यांत गुंतलेला असतो, नेमका तोच पंधरवडा नकाशे वाचण्यासाठी मिळावा, हा योगायोग असेल तर तो मोठा सोयीचा योगायोग म्हटला पाहिजे. तरीही पुण्यात सुमारे सहा हजार हरकती दाखल झाल्या. मुंबईत, जेथे जुनी रचना बव्हंशी कायम राहिली, तेथे त्या पाचशेच्या आसपास भरल्या. माणसाची हद्द हलविली की तो बोलतो, एवढे तरी यावरून सिद्ध होते. पण बोलून पुढे काय होते? अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते, नाव पुकारले जाते, दोनचार मिनिटे म्हणणे मांडावयाचे आणि पुढच्यास जागा द्यावयाची. नंतर नागरिकापुढे येतो तो थेट अंतिम नकाशा. आणि या नकाशाविरुद्ध न्यायालयात जाण्याच्या वाटेवर घटनेच्या २४३ झेडजी या कलमाने आडकाठी घालून ठेवली आहे. ती घालण्यात शहाणपण आहे, एरवी एकही निवडणूक वेळेवर होणार नाही; परंतु ज्या निर्णयावर अपील जवळजवळ नाही, तो घेण्यापूर्वीची सुनावणी तरी खरीखुरी असावी, ही अपेक्षा वावगी नव्हे.

प्रस्तुत लेखक वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी शाळामास्तर होता, आणि २००१ च्या जनगणनेत इतर शिक्षकांप्रमाणे त्याच्याही वाट्यास एक प्रगणक गट आला होता. प्रथम गल्लीबोळांतून हिंडून नजरी नकाशा काढावयाचा, घरांवर क्रमांक घालावयाचे, मग उंबरठे झिजवावयाचे. त्या भटकंतीत एक गोष्ट पक्की कळली. वरून सरळ दिसणारी रेघ खाली सरळ नसते. ज्या बोळाला आम्ही गटाची हद्द म्हणत होतो, त्या बोळाच्या दोन्ही अंगांच्या बायका एकाच नळावर पाणी भरीत. आणि ज्या दोन वाड्यांना नकाशा शेजारी म्हणत होता, त्यांच्यामध्ये अशी भिंत होती की वळसा घालून जावयास पाव तास लागे. आज अधिकाऱ्यांच्या हाताशी गुगल अर्थ आहे. त्यावर छप्पर दिसते; पाणी भरणारी माणसे दिसत नाहीत.

ओढ्यानाल्यांचेच पाहा. नाला ही नैसर्गिक हद्द, असे नियम म्हणतो आणि नकाशापुरते ते बरोबरही आहे. पण पुण्याच्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केले, हे कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंतच्या लोकांस ठाऊक आहे. शहरात व आसपास त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. ओढ्याच्या दोन्ही काठांचे दुःख एकच, मागणीही एकच: गाळ काढा, भिंत बांधा, वर राडारोडा टाकणाऱ्याला आवरा. अशा ओढ्याच्या मध्यावरून प्रभागाची रेघ नेली तर डावा काठ एकाचा, उजवा दुसऱ्याचा, आणि ओढा कोणाचाच नाही. काठावर राहणारा माणूस हे एका वाक्यात सांगेल. त्याला कोणी वेळेवर विचारले तर!

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. लोकांना विचारा म्हणजे कोणाला विचारा? हरकतींच्या गठ्ठ्यात एकाच मजकुराच्या शेकडो प्रती असतात. खाली सह्या निरनिराळ्या, पण हस्ताक्षराचे आणि हेतूचे धनी भागातले इच्छुक उमेदवार. हे आम्ही नाकारीत नाही. पण असे का होते? प्रारूप वाचावयास वेळ, आकडे आणि ओळखी ज्याच्यापाशी आहेत, तोच ते वाचतो. प्रगणक गटवार लोकसंख्या आणि नकाशा सामान्य नागरिकाला सहज हाताळता येईल अशा रूपात महिनाभर आधी मिळाला, तर एखादी गृहरचना संस्था, एखादे महाविद्यालय, वस्तीतले एखादे मंडळ स्वतःची पर्यायी आखणी करून पुढे ठेवू शकेल. मग गठ्ठ्यातील हरकत आणि विचाराची हरकत वेगळी ओळखू येईल. आमच्या सुशिक्षित वाचकांनाही येथे थोडे बोलले पाहिजे. निकालानंतर नगरसेवकांच्या दर्जाविषयी दिवाणखान्यात जेवढी चर्चा झडते, तिच्या एक दशांश उत्साहाने प्रारूपाचा नकाशा पाहिला गेला असता तर हरकतींचा रंग निराळा दिसला असता.

असा प्रयोग अन्यत्र झालेला आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी २००८ साली सार्वमत घेऊन राज्यविधिमंडळाचे मतदारसंघ आखण्याचा अधिकार खुद्द विधिमंडळाकडून काढून घेतला आणि चौदा नागरिकांच्या आयोगास दिला. पाच एका मोठ्या पक्षाचे, पाच दुसऱ्याचे, चार कोणाचेच नव्हेत. २०१० मध्ये राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघही त्यांच्याकडे आले. गावोगाव बैठका घेऊन, ‘तुमची वस्ती कोठून कोठपर्यंत?’ असे लोकांनाच विचारून त्यांनी २०११ व २०२१ मध्ये नकाशे केले. तथापि नोव्हेंबर २०२५ मध्ये, दुसऱ्या एका राज्यातील पक्षीय आखणीला उत्तर म्हणून, त्याच मतदारांनी २०३० पर्यंतच्या निवडणुकांसाठी राष्ट्रीय प्रतिनिधिगृहापुरता आयोगाचा नकाशा बाजूस ठेवण्यास संमती दिली. चांगली व्यवस्थाही लोकांनी राखली तरच राहते; पण ती बाजूस ठेवण्यासाठी तेथे निदान लोकांचे मत तरी घ्यावे लागले.

आपल्याकडे एवढी मोठी उडी कोणी उद्या मारील अशी आमची कल्पना नाही, आणि चौदा निःस्पृह माणसे निवडण्यातच आपली दोन वर्षे जातील हेही आम्हांस दिसते. आमची मागणी लहान आहे. प्रभाग आखण्याचे काम पुन्हा राज्य निवडणूक आयोगाकडे जावे. एका प्रभागात किती सदस्य, हे एकदा ठरवून कायद्यात असे घालावे की पुढील जनगणनेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. आमच्या मते ती संख्या एक असावी. हरकतींसाठी पंधरवडा नव्हे, निदान दोन महिने असावेत. सुनावणी त्या त्या भागातील शाळेत, सुटीच्या दिवशी व्हावी, आणि प्रत्येक हरकतीपुढे ती का मानली किंवा का मानली नाही हे दोन ओळींत लिहून अंतिम नकाशाबरोबरच प्रसिद्ध व्हावे. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

महानगरपालिकांची पुढील सार्वत्रिक निवडणूक रीतीप्रमाणे २०३१ च्या आरंभी यावयाची. तिचे प्रभाग २०२७ च्या आकड्यांवर पडतील, आणि ते आकडे बाहेर येईपर्यंत कोणत्या गल्लीने कोणाचा लाभ होणार हे कोणासच नेमके सांगता येणार नाही. मार्च २०२२ ची दुरुस्ती मागे घेण्याचे विधेयक विधिमंडळापुढे यावयाचे असेल तर ते त्यापूर्वीच आले पाहिजे.