बोंडअळी बदलते, आपण शिकतो का?

दिवाळी उलटली की मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. कापूस पिकवणारा, मोजणारा, त्याची प्रत ठरवणारा, जिनिंगमध्ये सरकी व रुई वेगळी करणारा, बियाणे आणि औषधे विकणारा, अशा अनेकांचे पोट या एका पिकावर चालते. आपल्या वर्गातील बरीच मुले उद्या यांपैकीच एखाद्या कामात शिरणार आहेत. त्यांना आपण नेहमी सांगतो, "नीट शिका, म्हणजे आयुष्यात यशस्वी व्हाल." या वाक्यातून एक चुकीची समजूतही त्यांच्या मनात रुजते. ती अशी की शिकणे आधी आणि काम नंतर. परीक्षा संपली की शिक्षण संपले.

कापसाच्या बोंडात राहणाऱ्या एका लहानशा अळीने गेल्या चाळीस वर्षांत ही समजूत पुनःपुन्हा खोटी ठरवली आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

समजा, १९८५ साली बावीस वर्षांच्या एका तरुणाने मानवतला बी-बियाणे आणि औषधांचे दुकान काढले. तो विज्ञान शाखेतून बारावी झालेला, हिशेबात चोख. त्या काळात संकरित कापसाने मराठवाड्यात चांगलेच बस्तान बसवले होते. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, 'संकर-४', गुजरातमध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. आपल्याकडे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण पुढे घरोघरी पोहोचला. संकरित पिकाबरोबर किडीही वाढल्या आणि त्यांच्यासाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील नवी औषधे बाजारात आली. थोडे औषध मारले तरी अळ्या पटापट मरत. आपल्या दुकानदाराने औषधांची नावे आणि मात्रा पाठ केल्या. त्याचे शिक्षण पुरे झाले, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

मात्र १९८० चे दशक संपण्यापूर्वीच आंध्र प्रदेशातील गुंटूर भागातून वेगळ्याच बातम्या येऊ लागल्या. त्याच औषधाला अमेरिकन बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. शेतकरी मात्रा वाढवीत होते, दोन-तीन औषधे एकत्र करून मारीत होते, अळी तशीच. असे का झाले?

"अळीला औषधाची सवय झाली" असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. कोणतीही अळी आपल्या आयुष्यात औषध पचवायला शिकत नाही. काय घडते ते एका सोप्या हिशेबाने पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

एका शेतात १००० अळ्या आहेत. त्यांपैकी १० अळ्यांमध्ये जन्मतःच असा काही आनुवंशिक फरक आहे की औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. उरलेल्या ९९० अळ्यांपैकी शंभरातल्या ९९ औषधाने मरतात. फवारणी झाली. साध्या अळ्यांपैकी सुमारे १० उरल्या आणि न मरणाऱ्या १० तशाच राहिल्या. म्हणजे एकूण ९८० अळ्या मेल्या. शेतकरी खूश! पण उरलेल्या २० मध्ये आता निम्म्या न मरणाऱ्या आहेत. याच प्रमाणात त्यांची संख्या वाढून पुन्हा १००० झाली असे धरा. म्हणजे ५०० साध्या, ५०० न मरणाऱ्या. दुसऱ्या फवारणीत सुमारे ४९५ मरतील. जे ५०५ उरतील त्यांत शंभरातल्या ९९ न मरणाऱ्या असतील. तिसऱ्या वेळी हजारांत जेमतेम १० मरतील.

औषध तेच, मात्रा तीच, मारणारा हातही तोच. पहिल्यांदा ९८०, मग ४९५, मग १०. अळीच्या नैसर्गिक निवडीला आपणच हातभार लावला. (प्रत्यक्षात नर-मादी संयोगामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही आणि अनेक पिढ्या जातात, पण दिशा हीच असते.)

यानंतर मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या मातीतील जिवाणूचे एक जनुक कापसात घातलेले असते. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्ले की हे प्रथिन तिच्या आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी मरते. २००६ साली अशी दोन प्रथिने असलेले बियाणे आले. बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या. आपल्या दुकानदाराचे पाठ केलेले ज्ञान, तोपर्यंत तो चाळिशी ओलांडून गेला होता, बरेचसे निरुपयोगी झाले. आता त्याला जनुक म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला सांगता यायला हवे होते.

विशेषतः एक गोष्ट सांगणे फार गरजेचे होते. बीटी बियाण्याबरोबर साध्या, म्हणजे नॉन-बीटी, बियाण्याची लहान पुडी येत असे. हे बियाणे शेताच्या कडेने लावायचे, असा नियम होता. या ओळींवर साध्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग बीटी पिकावर तगलेल्या एखाद-दुसऱ्या पतंगाशी संयोग पावतात. न मरण्याचा गुण अप्रभावी असेल, तर होणारी संतती बीटीला बळी पडते. थोडक्यात, वरच्या हिशेबात साध्या अळ्यांची भर घालत राहण्याची ही युक्ती. पण अनेकांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. दोन-तीन एकरांच्या धन्याला किडीसाठी मुद्दाम ओळी राखणे हा वेडेपणा वाटला. त्यामागचे कारण त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते. सांगायला हवे त्यालाही ते ठाऊक नव्हते.

आता शेंदरी, म्हणजेच गुलाबी, बोंडअळीकडे वळू. ही कीड नवी नाही. भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. ती बोंडात शिरून सरकी खाते, म्हणून बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बीटीमुळे काही वर्षे ती दिसेनाशी झाली. २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत तिने पहिल्या प्रथिनावर मात केल्याचे जाहीर झाले. २०१४ च्या सुमारास तेथेच दोन प्रथिनांच्या कापसावरही ती सापडू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले.

इतक्या लवकर असे का घडले याच्या अनेक कारणांपैकी एक शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्याकडचा बीटी कापूस मुख्यतः संकरित. त्यातील बीटी जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेले असते. असे झाड स्वपरागण करते तेव्हा बोंडातील सरक्या म्हणजे मेंडेलच्या भाषेत दुसरी पिढी. एका जनुकाचा विचार केला तर चारांतली एक सरकी त्या जनुकाशिवाय असते. दोन जनुकांसाठी मेंडेलचे ९:३:३:१ हे प्रमाण लागू होते. सोळांपैकी ९ सरक्यांत दोन्ही जनुके, ३ मध्ये फक्त पहिले, ३ मध्ये फक्त दुसरे आणि एकीत एकही नाही. एका बोंडात साधारण २५ ते ३० सरक्या धरल्या तर एक-दोन सरक्या पूर्णपणे बिनविषारी निघणार. म्हणजे एकाच बोंडात अळीसमोर विषाचा पूर्ण डोस, अर्धा डोस आणि साधे अन्न अशी सगळी ताटे वाढलेली असतात. अर्ध्या डोसावर तगणाऱ्या अळ्यांची निवड होण्यास याहून सोयीची जागा कोणती?

त्यातच पाणी असलेले शेतकरी डिसेंबरनंतरही पीक राखून फरदड घेत. शेंदरी अळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न आणि आसरा मिळाला. म्हणून आता जुन्या सवयी मोडून नव्या शिकाव्या लागल्या. फरदड घ्यायची नाही. जुलै-ऑगस्टपासून कामगंध सापळे लावायचे आणि रोज पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय करायचा. पाकळ्या मिटून राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, तोडून नष्ट करायच्या. जिनिंगच्या आवारातही सापळे लावायचे, कारण सरकीबरोबर अळ्या तेथे येतात. अमेरिकेने बीटी कापूस, वंध्य केलेले पतंग सोडणे, सापळे आणि वेळेवर पीक काढणे यांची सांगड घालून २०१८ साली ही कीड आपल्या कापूस पट्ट्यातून हटवल्याचे जाहीर केले. एकाच औषधावर विसंबून नव्हे, हे लक्षात घ्यावे.

न शिकण्याची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक जण दगावले. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हा त्रिकोण किती विक्रेते समजावून सांगतात आणि फवारणाऱ्या किती मजुरांना तो वाचता येतो? विक्रेता हाच बहुतेक शेतकऱ्यांचा पहिला सल्लागार असतो. त्याचे अज्ञान दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

ही गोष्ट ओळखून हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ साली कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' नावाची एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकान बंद न ठेवता, आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या सुट्टीला वर्ग. ४० वर्ग आणि ८ शेतभेटी. २०१५ साली केंद्र शासनाने कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञान विषयातील पात्रतेची अट घातली, तेव्हा चालू दुकाने असणाऱ्यांनाही पुन्हा वह्या उघडाव्या लागल्या. आपला १९८५ चा दुकानदार तेव्हा बावन्न वर्षांचा झाला होता. नातवंडांच्या वयाला येता येता बाकावर बसायला त्याला संकोच वाटला असेल. पण जो बसला त्याचे गिऱ्हाईक टिकले.

कापसाच्या इतर कामांतही हेच घडले. पूर्वी ग्रेडर बोटांनी रुई ताणून धाग्याची लांबी सांगत असे. आज यंत्र लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर, म्हणजे तंतूच्या बारीकपणाचा व पक्वतेचा अंक, काढून देते. हाताचे कसब वाया गेले नाही. पण यंत्राचा आकडा वाचता येणारा हात अधिक मोलाचा ठरला. जिनिंगच्या कारागिरांसाठी नागपूरला प्रशिक्षण केंद्र आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ, १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे, मानवतहून फार दूर नाही. नोकरी-धंदा सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. वाटा आहेत, चालण्याची सवय हवी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सतत शिकणे हे सगळ्या दुःखांवरचे औषध नव्हे. पाऊस, बाजारभाव, बियाण्याविषयीची धोरणे या गोष्टी एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाहीत. एकाने फरदड मोडली आणि शेजाऱ्याने राखली तर पतंग बांध ओळखत नाहीत. तेव्हा शिकायचे ते गावाने मिळून. आणि नुकसान झालेल्याला "तू शिकला नाहीस" असे हिणवण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही.

मग शाळेत आपण काय करावे? औषधांची नावे दहा-पंधरा वर्षांत जुनी होतात, बियाण्यांची त्याहून लवकर. मेंडेलचे प्रमाण, निवडीचा नियम, मोजून नोंद ठेवण्याची सवय या गोष्टी मात्र चाळीस वर्षांनीही कामी येतात. नवे शिकण्यासाठी लागणारी अवजारे ती हीच.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. प्रत्येक गटाला चार नाणी द्या. दोन नाणी पहिल्या जनुकासाठी, दोन दुसऱ्यासाठी. दोन्ही नाण्यांवर काटा आला तर ते जनुक नाही असे समजा. चारही नाणी एकदम फेकणे म्हणजे एक सरकी. सर्व गटांच्या मिळून १६० फेका मोजा. चारही काटे सुमारे १० वेळा यायला हवेत. नंतर हिवाळ्यात शेजारच्या शेतातील काही बोंडे फोडून आत काय सापडते ते मुलांनी पाहावे, मोजावे आणि पालकांना सांगावे. या दिवसांत घरोघरी हाच विषय असतो. मुलांचे म्हणणे मोठी माणसेही ऐकतील.

अळीची एक पिढी मरते, तेव्हा पुढची बदलते. बदलण्यासाठी तिच्याकडे दुसरा मार्ग नाही. माणसाला मात्र जिवंत राहून, त्याच जन्मात, स्वतःचे मत आणि काम बदलता येते. ही सोय वापरायची की नाही, हे मुले आपल्याकडे पाहूनच ठरवतील. गेल्या वर्षभरात आपण स्वतः काय नवे शिकलो, हे त्यांना एकदा सांगून पाहावे.