हिशेबी खेळाडू गोष्टीचा शत्रू असतो का?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. टेबलाभोवती चार-पाच जण, हातात वीस बाजूंचा फासा आणि गोष्ट पुढे नेणारा एक डंजन मास्टर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. तेव्हापासून एक भांडण काही मिटत नाही. पात्राचे गुण, शस्त्रं, मंत्र यांची हिशेबाने जुळणी करून त्याला बलदंड बनवणाऱ्याला ‘मिनमॅक्सर’ म्हणून हिणवतात. याला गोष्टीशी देणंघेणं नाही, असा त्याच्यावर आरोप.

गैरसमज : पात्र जितकं ताकदवान, तितकी गोष्ट पातळ.

या दोन गोष्टी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत नसतातच. पात्र कसं बांधलं हा एक प्रश्न, ते कसं वठवलं हा दुसरा. पहिल्यात तरबेज असलेला माणूस दुसऱ्यातही तरबेज असू शकतो, किंवा दोन्हींत कच्चा. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंमध्ये या चुकीच्या तर्काला ‘स्टॉर्मविंड फॅलसी’ असं नावच पडलं आहे. तो खोडून काढणाऱ्या खेळाडूच्या टोपणनावावरून.

उलट, कधीकधी गोष्ट हिशेबातूनच निघते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली, एकाच पात्रात एकत्र केलेली पॅलाडिन आणि वॉरलॉक या दोन वर्गांची गाजलेली जोडी घ्या. दोघांचे मंत्र ‘करिश्मा’ या एकाच गुणावर चालतात. वॉरलॉकची मंत्रशक्ती तासाभराच्या विश्रांतीत परत येते आणि पॅलाडिन तीच आपल्या तलवारीच्या घावात ओततो. निव्वळ फायद्याचा सौदा. पण आता या माणसाकडे पाहा : एकीकडे पवित्र शपथ, दुसरीकडे कुठल्या तरी अमानवी शक्तीशी केलेला करार. शपथेने आणि कराराने एकाच वेळी परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या, तर हा कोणाचं ऐकणार? डंजन मास्टरला आयतं कथानक मिळालं.

गैरसमज : खरा नट दुबळं पात्र निवडतो.

हा मला जरा ढोंगीपणा वाटतो. दुबळेपणा म्हणजे खोली नव्हे. शिवाय एखाद्या गुणाच्या आकड्यातला फरक वाटतो तेवढा नसतो. त्याच पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीवरचा, ताकद १६ असलेला योद्धा चिलखत १५ असलेल्या शत्रूला शंभरातून ५५ वेळा घाव घालतो. ताकद १२ असेल तर ४५ वेळा. दहा टक्क्यांनी कोणी व्यास होत नाही की कोणातला व्यास मरत नाही.

मग भांडण होतं कशावरून? एकाच टेबलावरच्या दरीवरून. चौघांपैकी एकाने महिनाभर पुस्तकं चाळून पात्र बांधलं आणि उरलेल्यांनी ‘दिसायला छान’ म्हणून निवडलं, की प्रत्येक लढाई तो एकटाच संपवतो. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पर्यायांचं रान माजलं, तेव्हा ही दरी फार रुंदावली. चौघेही हिशेबी असतील तर तक्रार उरत नाही. डंजन मास्टर राक्षस वाढवतो, झालं.

गैरसमज : नियम म्हणजे गोष्टीतला अडथळा.

नियम कशाचं बक्षीस देतात, ते पाहावं. ‘फेट’ या खेळात पात्राच्या खोडीमुळे तुम्ही अडचणीत सापडलात, तर फेट पॉइंट मिळतो. ‘डंजन वर्ल्ड’मध्ये फासा पडून अपयश आलं की अनुभवाचा गुण मिळतो. अशा खेळात पक्का हिशेबी माणूसच सगळ्यात आधी संकटात उडी घेतो आणि गोष्टीला वळण देतो.

मग टेबलावरची ती दरी बुजवायची कशी? बरीच टेबलं खेळ सुरू होण्याआधी ‘सेशन झिरो’ ठेवतात. तिथे मोहीम कशी हवी ते ठरतं. पात्रंही घरी एकेकट्याने न बांधता तिथेच एकत्र बांधावीत. हिशेबात हुशार असलेल्याला बाकीच्यांची पात्रं सुधारून द्यायला बसवा. बहुतेक वेळा तो आनंदाने बसतो.