यकृताची सुईविना परीक्षा

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार मोठा आहे. उत्तरेस नेर-बाभूळगाव, दक्षिणेस उमरखेड, पूर्वेस वणी आणि झरी-जामणी असे सोळा तालुके त्यात सामावले आहेत. कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या या प्रदेशात आजार अंगावर काढण्याची सवय जुनी आहे. हंगामाच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्याची वाट धरणे अनेकांना परवडत नाही. इतर आजारांत ही दिरंगाई त्रासदायक ठरते, यकृताच्या आजारात मात्र ती जीवघेणी ठरू शकते.

याचे कारण यकृताच्या स्वभावातच आहे. बरगड्यांखाली उजव्या बाजूस असलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव अत्यंत सोशिक आहे. मद्यपान, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची विषाणुजन्य कावीळ, लठ्ठपणा व मधुमेहामुळे साठणारी चरबी यांपैकी कोणत्याही कारणाने त्यास वर्षानुवर्षे इजा होत राहिली, तर इजेच्या जागी कठीण तंतू निर्माण होतात. जखम भरल्यावर त्वचेवर वण राहतो, तसाच हा प्रकार होय. हे तंतू वाढत जाऊन यकृत गाठाळ झाले, की त्या अवस्थेस सिऱ्होसिस म्हणतात. तोवर रुग्णाला दुखत नाही आणि डोळेही पिवळे होत नाहीत. कावीळ दिसली तरच यकृत बिघडले, हा सर्वत्र आढळणारा समज म्हणूनच घातक आहे. पोटात पाणी साठून किंवा रक्ताची उलटी होऊन रुग्ण येतो, तेव्हा उपचारास फारसा वाव उरलेला नसतो. उलट, तंतू प्रारंभीच्या अवस्थेत असताना मूळ कारण दूर केले, तर यकृत बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते.

कठीणपणाचे मोजमाप

हे तंतू किती वाढले आहेत, हे पाहण्यासाठी पूर्वी बायोप्सीचा मार्ग होता. पोकळ सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जाई. काही विशिष्ट प्रसंगी ही परीक्षा आजही आवश्यक असते. परंतु तिच्यात वेदना आहे, क्वचित रक्तस्रावाचा धोका आहे आणि तो तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो.

त्यास पर्याय म्हणून फ्रान्समध्ये ‘फायब्रोस्कॅन’ हे यंत्र विकसित झाले आणि 2003 च्या सुमारास ते वापरात आले. त्याचे तत्त्व सोपे आहे. ढिल्या दोराला झटका दिला तर लाट संथपणे सरकते, तोच दोर ताणला तर ती झपाट्याने पुढे जाते. त्याचप्रमाणे मऊ यकृतातून कंपनाची लाट हळू जाते आणि कठीण यकृतातून वेगाने. रुग्णाला उताणे निजवून, उजवा हात डोक्यामागे ठेवून, बरगड्यांच्या मधल्या जागेत यंत्राची कांडी टेकवतात. कांडी हलकी टिचकी मारते आणि सोनोग्राफीतील ध्वनिलहरी त्या लाटेचा वेग टिपतात. अशी किमान दहा मोजमापे घेऊन त्यांचा मध्य काढतात. निरोगी यकृताचा आकडा साधारणतः सहा किलोपास्कलच्या आत असतो. तो आठच्या पुढे गेल्यास अधिक तपासणी करावी लागते. पाच ते दहा मिनिटांत परीक्षा आटोपते आणि रुग्ण चालत घरी जातो. यंत्राच्या सुधारित आवृत्तीत चरबीचे प्रमाणही कळते.

तथापि हा आकडा म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. परीक्षेपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर आकडा वाढतो. तीव्र कावीळ किंवा हृदयविकारामुळे यकृतात रक्त साचले असल्यासही तो फसवा ठरतो. पोटात पाणी असेल तर हे मोजमाप नीट होत नाही.

पहिली पायरी गावाजवळ

असे यंत्र प्रत्येक तालुक्यात असणे शक्य नाही. त्याची तितकीशी गरजही नाही, कारण कोणाला पुढे पाठवावे हे साध्या रक्ततपासणीवरून ठरवता येते. ‘फिब-4’ या सूत्रात वय व एएसटी यांचा गुणाकार करून त्यास प्लेटलेट्स (हजारांत) व एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागतात. समजा, वय 48, एएसटी 60, एएलटी 64 आणि प्लेटलेट्स 1,80,000 आहेत. तर 2,880 भागिले 1,440, म्हणजे उत्तर 2 येते. उत्तर 1.3 पेक्षा कमी असल्यास गंभीर तंतुवाढीची शक्यता फार थोडी असते. 2.67 पेक्षा जास्त असल्यास ती बरीच असते. मधल्या रुग्णांसाठी फायब्रोस्कॅन विशेष उपयोगी पडते. पस्तिशीच्या आतील व्यक्तींना हे सूत्र नीट लागू पडत नाही आणि पासष्टीनंतर 1.3 ऐवजी 2 ही मर्यादा धरतात. अर्थ लावण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे आहे.

28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ‘ब’ व ‘क’ कावीळीची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. ‘क’ प्रकार बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2021 मध्ये चरबीयुक्त यकृताच्या आजाराचाही असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश झाला. यवतमाळ येथे 1989 पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण झरी-जामणीच्या पोडावरील माणूस तेथवर योग्य वेळी पोचेल, तो कोणीतरी त्याला वेळीच सांगितले तरच.

हे सांगण्याचे काम गावातच होऊ शकते. दीर्घकाळ मद्यपान करणारे, मधुमेही, लठ्ठ, वारंवार रक्त घ्यावे लागणारे आणि घरात ‘ब’ काविळीचा रुग्ण असलेले लोक कोण, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या जाणतात. त्यांना रक्ततपासणीस प्रवृत्त करणे, नवजात बालकास चोवीस तासांत ‘ब’ काविळीची लस मिळते की नाही याकडे लक्ष देणे आणि काविळीवरील गावठी औषधात वेळ दवडू न देणे, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. यंत्र कठीणपणा मोजते. तो वाढू न देणे मात्र माणसांच्या हाती आहे.